कायदा आपल्या दारी: फुकट मिळालेला वकील चालेल का?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच काळजीची आहेत. माणूस आत आहे, वकील कसा मिळवायचा, आणि मिळालेला वकील नीट काम करतोय हे ओळखायचं कसं? म्हणून वाटणीपत्र आणि हक्कसोडीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न: ताई, माझा मुलगा गोकुळ शिरगावला फौंड्रीत कामाला आहे. गावच्या जत्रेत मारामारी झाली, त्यात आमच्या भावकीतल्या सगळ्यांची नावं घातली, याचंही घातलं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम १०९ लावलंय. आता कळंबा जेलात आहे. कोर्टानं त्याला सरकारी वकील दिलाय. दीर म्हणतात, फुकटचा वकील काय कामाचा, दोन म्हशी विका आणि चांगला वकील द्या. मालक वारले. घर दुधावरच चालतं. काय करू?
— एक आई, राधानगरी तालुका

उत्तर: ताई, म्हशी आत्ता विकू नका. आधी त्या वकिलांना भेटा.

सरकारी वकील आरोपीच्या विरुद्ध खटला चालवतात. तुमच्या मुलाला मिळालेले वकील ते नव्हेत. ते बहुधा लोक अभिरक्षक कार्यालयाचे, म्हणजे आरोपींचा मोफत बचाव करणाऱ्या विधी सेवेच्या कार्यालयाचे असतील, नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरचे. कोर्टात गेल्यावर ‘लोक अभिरक्षक कार्यालय कुठं आहे’ असंच विचारा, म्हणजे चुकीच्या दारात उभं राहावं लागणार नाही. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ मध्ये तो लिहिलेला आहे, आणि कोठडीतल्या माणसाचं उत्पन्न त्यासाठी बघत नाहीत. घरी म्हशी आहेत म्हणून हा हक्क जात नाही.

‘फुकटचा वकील’ हा शब्द बदनाम का झाला, तेही सांगते. पूर्वीपासून यादीवरच्या वकिलाला एका केसमागे तुटपुंजं मानधन मिळायचं, तेही उशिरा. पोट खाजगी कामावर, आणि ही केस त्यातून उरलेल्या वेळात. कित्येक आरोपींनी आपला वकील पहिल्यांदा पाहिला तो आरोपीच्या पिंजऱ्यातून, साक्षीदार समोर उभा असताना. मी स्वतः त्या यादीवर काम केलं आहे, त्यामुळे हे ऐकीव नाही. लोक अभिरक्षक योजनेत हे बदललं. तिथले वकील पूर्णवेळ असतात, ठरलेलं मानधन घेतात, आणि त्यांना खाजगी वकिली करता येत नाही. मुख्य लोक अभिरक्षकाला फौजदारी कामाचा किमान १० वर्षांचा अनुभव लागतो. मोठी फी सांगणारा प्रत्येक खाजगी वकील तेवढा अनुभवी असतोच असं नाही.

तेव्हा कसबा बावडा रोडवरच्या न्यायसंकुलात जा आणि त्यांना शांतपणे विचारा. कळंब्याला जाऊन मुलाला भेटलात का? फिर्यादीची नक्कल वाचलीत का? तिच्यात माझ्या मुलाच्या हातात काय होतं असं लिहिलंय? भावकीच्या भांडणात फिर्यादीत वीस नावं येतात, पण काठी कुणी मारली, कोयता कुणी उगारला हे दोघातिघांच्याच नावापुढं असतं. बाकीचे ‘सोबत होते’. जामिनाच्या वेळी या फरकाला फार वजन असतं.

आणखी एक विचारा: ९० दिवस कधी पुरे होतात? खुनाच्या प्रयत्नात दुखापत झाली असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, म्हणून दोषारोपपत्र ठेवायला पोलिसांना ९० दिवस मिळतात. दिवस मोजायचे ते पहिल्या रिमांडच्या तारखेपासून, ती तारीख धरून. तेवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. मात्र अर्ज द्यावा लागतो, आणि तो दोषारोपपत्र येण्याआधी. सकाळी अर्ज नाही आणि दुपारी दोषारोपपत्र दाखल, असं झालं की तो हक्क गेला. चांगल्या वकिलाच्या डायरीत ही तारीख लिहिलेली असते.

तुमच्याकडूनही वकिलाला काही हवं असतं. त्या दिवशी मुलगा कोणत्या पाळीला होता? फौंड्रीत हजेरी अंगठ्यानं लागत असेल तर त्या महिन्याची नोंद कंपनीकडून मागा. जत्रेत कुणी मोबाइलवर चित्रण केलं असेल तर ते जपून ठेवायला सांगा. देवळाजवळच्या दुकानात कॅमेरा असेल तर आजच वकिलांना कळवा, कारण त्या यंत्रात जुनं पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. पोलीस फिर्यादीच्या बाजूचं गोळा करतात. दुसरी बाजू घरच्यांनी नाही आणली तर ती फायलीत येतच नाही.

पैसे कुणी मागितले तर देऊ नका. टायपिंग, नकला, कोर्ट फी यांचा खर्चही विधी सेवेत येतो. तरी मागितलेच तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. सचिव हे न्यायाधीशच असतात. वकील एकदाही मुलाला भेटला नसेल, तारखेला हजर राहत नसेल, तर वकील बदलून मिळावा असा अर्जही तिथंच करता येतो. हे सगळं करूनही मन भरलं नाही तर म्हशींचा विचार तेव्हा करा. खाजगी वकील पुढं कधीही देता येतो.

प्रश्न: मॅडम, शहाजी लॉ कॉलेजमधून बाहेर पडून दोन वर्षं झाली. सीनिअरकडे सगळं दिवाणी काम. लोक अभिरक्षक कार्यालयात सहायक पदासाठी अर्ज करावा असं मनात आहे. पण सेशन कोर्टात मोठे वकील उलटतपास घेताना बघितले की छाती दडपते. हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही. सुरुवात कुठून करू?
— एक तरुण वकील, कोल्हापूर

उत्तर: अर्ज जरूर करा. सहायक पदासाठी तीन वर्षांपर्यंतचाच अनुभव धरलेला आहे, म्हणजे ती जागा तुमच्यासारख्यांसाठीच आहे. तिथं मुख्य आणि उप लोक अभिरक्षकांच्या हाताखाली जेवढी फौजदारी कागदपत्रं हाताखालून जातील, तेवढी खाजगी ऑफिसात जायला फार काळ लागेल.

आपल्याकडे न्यायाधीशांच्या प्रशिक्षणासाठी उत्तनला न्यायिक अकादमी आहे, फौजदारांसाठी नाशिकला पोलीस अकादमी आहे. बचावाच्या वकिलाला मात्र सनद मिळते, बहुपर्यायी प्रश्नांची बार परीक्षा होते आणि दुसऱ्या दिवशी तो एखाद्याच्या जन्मठेपेच्या खटल्यात उभा राहू शकतो. हे मला कायम खुपत आलं आहे. म्हणून तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. भीती वाटते आहे, म्हणजे जबाबदारी कळली आहे.

बोलण्याचं सोडा, आधी वाचायला बसा. दोषारोपपत्र हातात आलं की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि वेळांचा तक्ता करा. घटना किती वाजता, फिर्याद किती वाजता, पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद कधी, जखमी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, कधी पोचला, पंचनामा कधी सुरू आणि कधी संपला, अटक कधी, मुद्देमाल लॅबला कधी गेला. प्रत्येक वेळेपुढं ती कोणत्या कागदावरून घेतली ते लिहा. निम्मा उलटतपास या तक्त्यातच सापडतो.

दवाखान्याचा कागद कधी चाळून सोडू नका. पन्हाळा भागातल्या मारहाणीच्या एका केसमध्ये जखमीनं सीपीआरच्या डॉक्टरांना सांगितलेली हकीकत केसपेपरवर लिहिली होती: मोटारसायकलवरून पडलो. फिर्याद त्यानंतर दुसऱ्या दिवशी झाली आणि तिच्यात चार जणांनी कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारल्याचं आलं. तो केसपेपर दोषारोपपत्रातच लावलेला होता. आरोपी कळंब्यात बसून होता आणि त्याच्या जामिनाच्या आधीच्या अर्जात या कागदाचा उल्लेखच नव्हता. डॉक्टरांच्या उलटतपासात मी तीनच प्रश्न विचारले. हकीकत कुणी सांगितली, सांगताना तो शुद्धीवर होता का, आणि तुम्ही जशी सांगितली तशीच लिहिलीत का.

आता जबाब आणि साक्ष यातला फरक. साक्षीदार कोर्टात पोलीस जबाबापेक्षा वेगळं बोलला तर तुम्ही खूश होता, पण तेवढ्यानं काही होत नाही. जबाबातला तो नेमका भाग त्याला वाचून दाखवायचा, असं सांगितलं होतं का ते विचारायचं, नाही म्हणाला तर त्या भागाला ‘अ’ अशी खूण करून घ्यायची. मग तपासी अंमलदार साक्षीला आला की त्याच्याकडून तो भाग शाबीत करून घ्यायचा. हा शेवटचा टप्पा नवे वकील विसरतात. तोवर तीन-चार महिने गेलेले असतात, फाईल दुसऱ्याच्या हातात असते, आणि शाबीत न झालेली विसंगती युक्तिवादात वापरता येत नाही. म्हणून फाईलच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा: तपासी अंमलदाराला काय काय विचारायचं आहे.

साक्ष टाइप होत असताना पडद्याकडे बघा. साक्षीदार गावच्या बोलीत बोलतो आणि नोंद प्रमाण मराठीत होते. उत्तराचा अर्थ सरकला असं वाटलं तर तिथल्या तिथं, नम्रपणे, कोर्टाच्या नजरेस आणा. वरच्या कोर्टात साक्षीदाराचा चेहरा कुणी बघत नाही, हा कागदच बघतात.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, त्यात बचावाला उपयोगी असं बरंच आहे. झडती आणि जप्तीचं चित्रण करणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं आवश्यक केलं आहे. ते चित्रण मागा आणि पंचनाम्याशेजारी ठेवून बघा. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी यायचं आहे. तो आला होता का? मोबाइलमधला पुरावा असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आहे का, हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलची डिजिटल ओळखखूण, लिहिली आहे का? हे प्रश्न विचारायला वक्तृत्व लागत नाही.

आणि रात्रीबेरात्री पोलीस ठाण्यात जायची तयारी ठेवा. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटायचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. पूर्ण वेळ शेजारी बसता येत नाही, पण भेट नाकारता येत नाही. अटकेची कारणं आरोपीला कळेल अशा भाषेत, लेखी द्यायला हवीत, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर शाह खटल्यात सर्वच गुन्ह्यांसाठी स्पष्ट केलं. तो खटला महाराष्ट्रातलाच. पहिल्या रिमांडला ‘कारणांची प्रत दिली आहे का’ एवढं विचारलंत तरी पुढच्या कित्येक गोष्टी बदलतात.

वेळ मागायला लाजू नका. खंडव्याच्या अनोखीलाल खटल्यात आरोपीला मोफत वकील नेमला त्याच दिवशी दोषारोप ठेवला गेला, आणि पंधरवड्यात खटला संपून फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तो निकाल रद्द करून खटला नव्यानं चालवायला सांगितलं. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा प्रकरणात नेमलेला वकील किमान १० वर्षं वकिली केलेला असावा आणि त्याला तयारीला साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत, हेही त्याच निकालात आहे. नव्या सुनावणीत २०२४ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. अकरा वर्षं गेली. तयारीला मुदत मागताना हा निकाल जवळ ठेवा.

आपल्या बारमध्ये अनुभवी फौजदारी वकील कमी नाहीत. त्यांच्याकडच्या निकाली फायली घेऊन संध्याकाळी एकानं साक्षीदार व्हायचं, एकानं उलटतपास घ्यायचा, आणि बुजुर्गांनी चुका दाखवायच्या. असा वर्ग तुम्ही चारजण मिळून सुरू करत असाल तर मला कळवा, मी येईन.

प्रश्न: माझा भाऊ इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. आम्ही मूळचे बिहारचे, आता इथंच राहतो. चोरीच्या केसमध्ये जामीन मंजूर होऊन महिना होत आला, पण जामीनदार मिळत नाही. इथं कुणाचाच सातबारा आमच्यासाठी पुढं येत नाही.
— एक बहीण, इचलकरंजी

उत्तर: तुमच्या भावासारखी माणसं मी प्रत्येक जेलभेटीत पाहते. कोर्ट सोड म्हणालं आहे आणि माणूस आतच आहे. १९७८ सालचं मोतीराम प्रकरण एका गवंड्याचं होतं. त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ जामीनदार चालला नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे चुकीचं ठरवलं. भारतातल्या कोणत्याही भागातला जामीनदार नाकारायचं कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांप्रमाणे जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. महिनाभर जामीनपत्र देता आलं नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. तुम्ही वाट बघत बसू नका. १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा इचलकरंजीच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत जा, आणि रोख रक्कम किंवा जातमुचलक्यावर (स्वतःच्याच लेखी हमीवर) सोडावं असा अर्ज द्यायला सांगा. पैशाअभावी अडकलेल्या कच्च्या कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे. तिच्यात पात्र ठरल्यास जामिनासाठी पैशाची मदत मिळते. तिची चौकशी प्राधिकरणातच करा.

प्रश्न: उघड उघड गुन्हा केलेल्या नराधमाला वकील द्यायचाच कशाला? आमच्या भागातल्या वकिलांनी मध्यंतरी एका आरोपीचं वकीलपत्र घ्यायचं नाही असं ठरवलं, ते योग्यच नव्हतं का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: तुमचा संताप मला समजतो. मुलीवर अत्याचार झालेल्या घरी मीही बसले आहे. तरीही माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. अशा ठरावांना कायद्यात किंमत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू या निकालात सांगितलं. कसाबलाही वकील दिला होता. २०१२ मध्ये त्याची फाशी कायम करणाऱ्या निकालातच लिहिलं आहे की, आरोपीला पहिल्यांदा हजर केलं त्या क्षणी, वकील हा तुझा हक्क आहे, परवडत नसेल तर मोफत मिळेल, हे दंडाधिकाऱ्यांनी त्याला सांगितलंच पाहिजे. नीट बचाव होऊन झालेली शिक्षा वरच्या कोर्टात टिकते. वकिलाशिवाय उरकलेला खटला परत उघडावा लागतो आणि पीडित मुलीला पुन्हा साक्षीला उभं राहावं लागतं. आणि कधीकधी पकडलेला माणूस तो नसतो.

प्रश्न: वडिलांना सेशन कोर्टात १० वर्षांची शिक्षा लागली. अपिलासाठी मुंबईला जावं लागेल का? जवळचे पैसे खटल्यातच संपले.
— एक मुलगा, चंदगड

उत्तर: मुंबईला जायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्ट इमारतीत बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिलं इथंच चालतात. चंदगडच्या माणसानं आदल्या रात्रीची गाडी धरून मुंबई गाठायची, आणि तिथं ‘पुढची तारीख’ ऐकून परतायचं, हे मी फार वर्षं पाहिलं आहे.

मुदत ६० दिवसांची आहे. निकालाची प्रत आरोपीला मोफत आणि लगेच मिळाली पाहिजे. १९७८ च्या होसकोट निकालापासून अपिलासाठीही मोफत वकील हा हक्क मानला आहे, तोही खटला महाराष्ट्रातलाच. वडील तुरुंगातून अधीक्षकांमार्फत थेट अपील पाठवू शकतात. तसं केलं तर वकील विधी सेवेकडून नेमला जातो. अपिलाबरोबर शिक्षा स्थगित करून जामिनावर सोडावं असा अर्जही असतो. तो आधी ऐकला जातो, त्यामुळे त्याबद्दल वकिलांशी वेगळं बोला. ६० दिवस उलटून गेले असतील तरी उशीर माफीचा अर्ज करता येतो, पण कारण लिहावं लागतं.

जाताना निकालपत्र, सगळ्या साक्षींच्या नकला, निशाणी पडलेली कागदपत्रं आणि वडील आजवर किती दिवस आत आहेत त्याचा तुरुंगाचा दाखला सोबत न्या. खटल्यातल्या जुन्या वकिलांकडून त्यांची फाईल मागून घ्या, फी बाकी असली तरी मागा. आणि निकाल लागल्याची तारीख मला उलट टपाली कळवा, म्हणजे ६० दिवसांपैकी किती उरले ते लगेच सांगता येईल.